घटस्थापनेला आत, संक्रांतीला बाहेर

मराठी घरात प्रत्येक फुलाला नोकरी असते. जास्वंद गणपतीकडे कायम, धोत्रा शंकराकडे, झेंडू दसऱ्याच्या तोरणावर हंगामी, मोगरा-अबोली गजऱ्यात, आणि तगर-सदाफुली मिळेल त्या देवाकडे रोजंदारीवर. ट्यूलिप या घरात येतो तो बेकार म्हणूनच. बहुतेक जातींना सांगण्याजोगा वास नाही, जाड देठ सुईत ओवता येत नाही, आणि तो कोणत्या देवाला चालतो याविषयी पोथ्या गप्प आहेत. तरीही पावसाळा ओसरता ओसरता पुण्यात, ठाण्यात, नाशकात कुणीतरी गृहस्थ जेवता जेवता जाहीर करतात, की यंदा बाल्कनीत ट्यूलिप. घरातले इतर लोक वरणभात कालवत राहतात. अशा घोषणा त्यांनी स्ट्रॉबेरीच्या वेळीही ऐकलेल्या असतात.

या हौसेचं मूळ बागेत नसून सिनेमात सापडतं. १९८१ साली यश चोप्रांच्या ‘सिलसिला’त अमिताभ बच्चन आणि रेखा नेदरलँड्समधल्या क्युकेनहॉफच्या ट्यूलिपांमधून गात हिंडले आणि एका अख्ख्या पिढीच्या मनात प्रेमाची जागा ठरून गेली. त्या पिढीला तेव्हा सिंहगड परवडत होता. पुढे मुलं आयटीत गेली, त्यातली काही आइंडहोव्हनला आणि ॲम्स्टेलव्हीनला जाऊन राहिली, आणि आईवडिलांना क्युकेनहॉफ दिसलं. लिस गावची ही बाग १९५० साली लोकांसाठी उघडली. पसारा ३२ हेक्टरांचा, आणि दर वर्षी सुमारे ७० लाख कंद तिथे हातांनी लावले जातात. ती उघडी असते मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. शाळांच्या सुट्ट्या पाहून मे महिन्यात निघालेल्या मंडळींना बागेबाहेरच्या शेतांमध्ये मात्र वेगळंच दृश्य दिसू शकतं. यंत्र ओळींवरून फिरतंय आणि फुलांची मुंडकी उडवतंय. डच शेतकऱ्याला हवा असतो कंद. फूल रंगाने खरं आहे ना आणि रोगट नाही ना एवढं पाहून झालं की तो ते छाटतो, म्हणजे सगळा जोर खाली कंदात उतरतो. ज्या फुलासाठी माणूस सात हजार किलोमीटर उडत आला, ते तिथल्या शेतकऱ्याच्या लेखी पालापाचोळा असतं.

तर हौस पक्की झाली की ऑर्डर. इथे पहिला सापळा बियांचा. ऑनलाइन बाजारात ट्यूलिपच्या बियांची पाकिटं स्वस्तात मिळतात आणि त्यांवर निळ्याशार फुलांचं चित्र असतं. निळा ट्यूलिप जगात नाही. नावात निळेपणा मिरवणाऱ्या जाती प्रत्यक्षात जांभळ्या असतात, आणि काळा म्हणून गाजलेला ‘क्वीन ऑफ नाइट’ उजेडात धरला की वांगी रंगाचा निघतो. बियांपासून फूल यायला पाच ते सात वर्षं लागतात, तीही दर हिवाळा नीट मिळाला तर. म्हणजे मुलगी पाचवीत असताना पेरलेलं बी तिच्या बारावीच्या परीक्षेच्या सुमारास फुलणार, आणि त्या वर्षी घरात फुलाकडे बघायला कुणालाही फुरसत नसणार. म्हणून शहाणे लोक कंद मागवतात. कंदाचा दर्जा त्याच्या घेरावर ठरतो. १२ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घेर असेल तर फुलाची आशा धरावी. मरतुकडा कंद एकच रुंद पान काढतो आणि त्यावर वर्ष साजरं करतो.

न पाहिलेल्या कंदासाठी पैसे मोजण्याच्या बाबतीत आपला गृहस्थ काही पहिला नाही. १६३६-३७ च्या हिवाळ्यात हार्लेम आणि आसपासच्या गावांत लोक खानावळींत बसून जमिनीखाली गाडलेल्या कंदांचे सौदे करत होते. कंद उन्हाळ्याशिवाय बाहेर निघणार नाही, त्यामुळे हातोहात फिरत होता तो फक्त कागद. फेब्रुवारी १६३७ च्या पहिल्या आठवड्यात हार्लेमला बोली लावायला कुणी पुढे येईना आणि बाजार कोसळला. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात, ५ फेब्रुवारीला, आल्कमारला एका मृत खानावळवाल्याच्या अनाथ मुलांसाठी कंदांचा लिलाव झाला आणि त्यात सुमारे ९० हजार गिल्डर जमले. बातमी अजून पोचायची होती. दिवाळखोर झालेल्यांनी कालव्यांत उड्या टाकल्या वगैरे कथा मात्र तेव्हाच्या उपदेशपर पत्रकांतून आल्या आणि चार्ल्स मॅके यांच्या १८४१ च्या पुस्तकाने त्या जगभर पोचवल्या. इतिहासकार ॲन गोल्डगार यांनी जुनी दफ्तरं चाळून २००७ साली दाखवून दिलं, की या व्यवहारात पार बुडालेली माणसं शोधूनही फारशी सापडत नाहीत.

आणि ती महागडी फुलं होती तरी कशी? पांढऱ्या किंवा पिवळ्या पाकळीवर लाल-जांभळ्या ज्वाळा उठलेली. एक कंद साधा फुले, दुसरा अचानक नक्षीदार, आणि कारण कुणालाच कळेना. ते कळायला १९२८ साल उजाडलं. इंग्लंडमध्ये डोरोथी केली यांनी दाखवलं, की नक्षी हे आजारपणाचं लक्षण आहे. हा विषाणूचा रोग, आणि तो पसरवतो मावा. आपल्याकडच्या भेंडीवर, मिरचीवर पडतो त्याच मंडळींपैकी. विषाणूने कंद खंगतो, त्याला पिल्लं कमी होतात, म्हणून माल दुर्मीळ, म्हणून भाव चढा. ज्याला आपला शेतकरी फवारणी करून घालवतो, त्याने पिडलेल्या कंदासाठी हॉलंडात घराएवढी किंमत सांगितली जात होती.

कंद घरी येतो साधारण नवरात्राच्या सुमारास. पार्सल फोडल्यावर दिसतं ते तपकिरी सालीचं, एका बाजूला टोक असलेलं, लासलगावच्या बाजारात सहज खपून जाईल असं काहीतरी. गृहस्थ त्याकडे कौतुकाने बघतात. घरातल्या आजी किंमत विचारतात आणि उत्तर ऐकून देवघराकडे जातात.

खरं नाट्य इथून सुरू होतं, कारण ट्यूलिपला लागतो हिवाळा. त्याचं माहेर मध्य आशियातलं, तिएन शान आणि पामीरच्या बाजूचं. तिथे उन्हाळा कोरडा, हिवाळा गोठवणारा आणि वसंत चार दिवसांचा. कंदाच्या पोटात फुलाची चिमुकली कळी उन्हाळ्यातच तयार झालेली असते. विकत घेतलेला कंद उभा चिरला तर ती दिसतेही. पण ती वर यायची तर १२ ते १६ आठवडे सलग थंडी हवी, साधारण दोन ते नऊ अंशांची. त्या थंडीत कंदातल्या पिठुळ साठ्याची साखर होते आणि देठाची लांब होण्याची तयारी होते. थंडी चुकली तर फूल मातीलगत, पानांच्या बेचक्यात अडकून उमलतं, नाहीतर कळी आतल्या आत सुकून जाते.

आता पुण्याची थंडी. जानेवारीतल्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, सारसबागेत कानटोप्या दिसायला लागतात, वर्तमानपत्रं ‘हुडहुडी’ हा शब्द काढतात. दुपारी तोच पारा तिशीच्या घरात असतो. ट्यूलिपच्या हिशेबी ही थंडी नव्हेच. मुंबईत तर जानेवारीची सरासरी पहाट सोळा-सतरा अंशांची, आणि तिला थंडी म्हणणं हा निव्वळ मुंबईकरांचा आशावाद. काश्मीरची गोष्ट निराळी. तिथल्या जुन्या घरांच्या छपरांवर भूर्जाच्या सालीचा थर आणि त्यावर माती असे, आणि वसंतात त्या छपरांवर ट्यूलिप आणि आयरिस आपोआप फुलत. कुणी पाणी घालायला वर चढत नसे. आपल्याकडे छपरावर आपोआप येतो तो पिंपळ, आणि त्याच्यासाठी सोसायटीला खास सभा घ्यावी लागते.

तेव्हा हिवाळा घरीच बनवायचा. घरातला एकमेव हिवाळा स्वयंपाकघरात उभा असतो आणि त्याच्यावर सत्ता दुसऱ्याच व्यक्तीची असते.

मराठी फ्रिज हा मोकळ्या जागेसाठी प्रसिद्ध नाही. तिथे आठवड्याची साय लोण्याच्या प्रतीक्षेत असते, दसऱ्याच्या श्रीखंडाचा चक्का टांगून झाल्यावर विसावलेला असतो, इडलीचं पीठ फुगून झाकण ढकलत असतं, ओलं खोबरं, निवडलेली कोथिंबीर, अर्धं लिंबू, आणि आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम सोडून काहीही. या वस्तीत घटस्थापनेला वीस कंद शिरतात आणि संक्रांतीपर्यंत हलणार नाहीत म्हणून सांगतात. विक्रेत्याने आधीच थंडी दिलेले कंद असतील तर काही आठवडे वाचतात, पण ते वाचलेत की वाचल्याचं सांगितलंय, हे कंदाच्या तोंडावरून कळत नाही.

वाटाघाटींतून खालच्या भाजीच्या ट्रेचा एक कोपरा मिळतो. लगेच दुसरी मागणी पुढे येते. त्या ट्रेमध्ये फळं ठेवायची नाहीत. सफरचंद, पेरू, सीताफळ, पिकला टोमॅटो, कुणीही नाही. ही मागणी ऐकून घरात जी शांतता पसरते ती ज्याने अनुभवली त्यालाच ठाऊक. कारण मात्र पक्कं शास्त्रीय आहे. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने कंदातली कळी पोटातच मरते. कोकणातल्या माणसाला हे समजावायला प्रयोगशाळा लागत नाही. आढीत एक हापूस पिकला की शेजारचे पिकायला लागतात, ती करामत याच वायूची. शेजाऱ्याला जो पिकवतो, तोच पाहुण्याला मारतो. परिणामी ट्यूलिपच्या काळात घरातली सीताफळं ओट्यावर राहतात, दोन दिवसांत काळी पडतात, आणि त्यांचा खर्च ट्यूलिपच्या खात्यावर मांडला जातो.

पुढचे आठवडे दक्षतेचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत कंदाला बुरशी येते म्हणून कागदी पिशवी किंवा जाळी. पार कोरडा पडू नये म्हणून अधूनमधून चाचपणी. फ्रिजर निषिद्ध, कारण तिथे शून्याखाली अठरा अंशांत कंदाचं बर्फ होऊन नंतर लगदा होतो. कुणी उत्साही पाहुणा ‘लवकर गार होईल’ म्हणून वरच्या कप्प्यात हलवणार नाही ना, यावर नजर. वीज गेली की इतर घरांत पंख्याची आठवण निघते, या घरात एक माणूस फ्रिजचं दार कुणी उघडू नये म्हणून त्याला पाठ लावून उभा राहतो.

कंदाच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘कांदा नाही’ असं लिहावं लागतं, आणि ते नुसतं विनोदासाठी नसतं. ट्यूलिपच्या कंदात त्वचेला झोंबणारी द्रव्यं असतात. सतत कंद हाताळणाऱ्या कामगारांच्या बोटांची त्यांनी कातडी सोलवटते, आणि मांजर-कुत्र्याने कंद चावला तर ते आजारी पडतं. मॅके यांच्या पुस्तकात एका खलाशाची गोष्ट आहे. त्याने मोलाचा कंद कांदा समजून हेरिंग माशाबरोबर चघळला म्हणे. ती बहुधा रचलेलीच. खरी हकीकत १९४४-४५ च्या हिवाळ्यातली. जर्मन ताब्यातल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्न संपलं तेव्हा लोकांनी मधला कोंब काढून टाकून ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. ज्यांनी ते खाल्ले त्यांनी चवीचं कौतुक केलेलं नाही.

संक्रांत येते. तिळगुळाच्या गडबडीत कंद बाहेर निघतात आणि कुंडीची तयारी होते. माती पाण्याचा झटकन निचरा होणारी हवी. बागेची माती, कोकोपीट आणि थोडी भरड वाळू चालते. टोक वर. हे सांगावं लागतं, कारण उलटा लावणारे निघतातच. तसा तो उलटाही वाट काढतो, पण हेलपाटा घेऊन. जमिनीत लावताना कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, कुंडीत थोडं वर चालतं, आणि दाटीने लावावेत. जाणकार एक बारकावा पाळतात. कंदाची एक बाजू सपाट असते, ती कुंडीच्या कडेकडे करायची. पहिलं मोठं पान त्या बाजूने येतं आणि कुंडीबाहेर झुकतं, त्यामुळे मधली फुलं मोकळी दिसतात. पुस्तकात नाही पण आपल्याकडे लागू पडतो असा एक मुद्दा कबुतरांचा. मुंबईत मोकळी माती दिसली की कबूतर तिथे बाळंतपण करतं, आणि एकदा अंडी पडली की पुढचे महिनाभर त्या कुंडीला धर्मसंकटात टाकून जातं. पुण्यात ते काम खारी बघतात. त्या कंद उकरून नेतात आणि कुठे ठेवला ते विसरतात.

पाण्याचा विषय नाजूक. इमारतीचा माळी रोज सकाळी सगळ्या कुंड्यांना सारखाच न्याय देतो, म्हणजे तुळशीला जेवढं तेवढंच ट्यूलिपला. ओल साचली की कंद कुजतो. चढतं ऊनही त्याला सोसत नाही, म्हणून ट्यूलिपची कुंडी सकाळचं कोवळं ऊन दाखवून अकराला घरात आणायची आणि रात्री परत बाहेर. काही भाविक मातीवर बर्फाचे खडे ठेवतात. हिमालयाला एवढं पुरे.

महाशिवरात्रीच्या आगेमागे, सगळं जमून आलं तर, वीसातून बारा-तेरा कंदांना हिरवट कळ्या येतात. कळी हळूहळू रंग धरते आणि एका सकाळी फूल उभं असतं. लाल, गुळगुळीत, ताठ. घरात फोन निघतात. आइंडहोव्हनला व्हिडिओ कॉल लागतो, तिकडे मुलगा खिडकीबाहेरचा पाऊस दाखवतो. आजी वास घेतात, येत नाही. ‘मग कशाला?’ हा त्यांचा प्रश्न अनुत्तरित राहतो. शेजारच्या वहिनी येतात, निरखतात, आणि अगदी सद्भावनेने विचारतात, ‘प्लॅस्टिकचं आहे का हो? दादरला मिळतात अशी.’ मिळतात खरीच. गणपतीच्या सजावटीपासून लग्नाच्या स्टेजपर्यंत कृत्रिम ट्यूलिपांनी एवढा संसार थाटलाय की खऱ्यालाच ओळखपत्र दाखवावं लागतं.

ते दाखवायची सोय मात्र आहे. ट्यूलिप उष्णतेने उघडतो आणि गारव्याने मिटतो, हे काही प्लॅस्टिकला जमत नाही. फेब्रुवारीच्या पुणेरी दुपारी तो पाकळ्या पार उताण्या टाकून बसतो आणि रात्री पुन्हा मिटतो. कापून फुलदाणीत ठेवला तर देठ तिथेही वाढतच राहतो आणि खिडकीच्या दिशेने मान वळवतो. सकाळी मध्यभागी रचलेली फुलं संध्याकाळी सगळी एका बाजूला बघत असतात. श्रीनगरच्या गारव्यात टिकतात तेवढे दिवस ती इथे टिकत नाहीत. चार-पाच दिवसांत पाकळ्या गळतात, आणि नवरात्रापासूनचा हिशेब करायला कुणीही बसू नये.

मग प्रश्न, पुढच्या वर्षी हेच कंद चालतील का? कुंडी उकरली की कळतं, जुना कंद उरलेलाच नाही. तो फुलाच्या पायी संपतो आणि त्याच्या जागी दोन-चार पिल्लं येतात. त्यांना मोठं व्हायला फुलानंतर पाच-सहा आठवडे हिरवी पानं आणि गारवा लागतो. मार्चमधल्या महाराष्ट्रात पानं तेवढी तग धरत नाहीत. पिल्लं वाटाण्याएवढीच राहतात. यात हौशी माणसाने स्वतःला दोष द्यायचं कारण नाही, कारण सरकारही हेच करतं. नवी दिल्ली नगरपालिका परिषद शांतिपथावरच्या ट्यूलिपसाठी नेदरलँड्सहून लाखांनी कंद आणते, डिसेंबरात लावते, फेब्रुवारीत फुलवते. राष्ट्रपती भवनाच्या अमृत उद्यानातही हे पाहुणे दर फेब्रुवारीत दिसतात. श्रीनगरला दल सरोवराजवळ, झबरवान डोंगरांच्या पायथ्याशी २००७ साली सुरू झालेली बाग २०२३ साली १५ लाखांहून अधिक ट्यूलिप आणि ६८ जातींवर पोचली, तीही हॉलंडच्या कंदांवरच उभी राहिली. पालमपूरची हिमालयीन जैवसंपदा संस्था लाहौलच्या थंडीत देशी कंद वाढवायच्या खटपटीत आहे. ते जमेल तेव्हा जमेल.

खुद्द डचांचं तरी कुठे स्वतःचं होतं? कारोलस क्लुसियस हे वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ साली लायडनला आले आणि पुढच्या वसंतात त्यांच्या बागेत ट्यूलिप फुलले. हे गृहस्थ कंद विकायला तयार नव्हते, तेव्हा लोकांनी रात्री येऊन चोरले. मनी प्लांट चोरून आणला तरच लागतो, असं आपल्याकडे सांगतात. हॉलंडने त्यावर एक उद्योग उभा केला.

आपल्या गृहस्थांची कीर्तीही एव्हाना इमारतीभर पसरलेली असते. तेरा फुलांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेल्यामुळे त्यांना तज्ज्ञ मानण्यात येतं. पुढच्या नवरात्रात तिसऱ्या मजल्यावरचे जोशी-कुलकर्णी-पाटील एकेक कागदी पिशवी घेऊन दारात उभे राहतात. त्यांनीही कंद मागवलेत, त्यांच्या घरी मात्र फ्रिजमध्ये ठेवू देत नाहीत, तुमच्याकडे वहिनींना सवय आहे म्हणे. वहिनी पिशव्या घेतात, ट्रे उघडतात आणि दर सांगतात. पाच कंदांमागे एक फुललेली कुंडी, संक्रांतीनंतर राहिले तर दोन, आणि सीताफळांचे पैसे वेगळे.